देवणीकडच्या म्हणी : वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि बोध

आज जो पाठ घ्यावयाचा आहे तो कोणत्याही पोथीत सापडणार नाही. तो खळ्यावर, जात्यावर, आडावर आणि बाजारात शिकावयास मिळतो. आपल्या आज्या-पणज्या तो पाठ होत्या आणि अक्षर न गिरवता शहाण्या होत्या. आम्ही म्हणींविषयी बोलत आहो. ह्या पाठाचे निमित्त मात्र आमचीच एक चूक आहे. ती आधी कबूल करतो, म्हणजे पुढचे सांगण्याचा आम्हाला थोडाफार अधिकार येईल.

देवणीजवळच्या एका खेड्यात हरिनाम सप्ताहासाठी आम्ही गेलो होतो. तिथे आमच्या दिंडीतले एक जुने माळकरी राहतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पंधरा दिवसांपूर्वी रात्री त्यांच्या गोठ्यातून वानेरा बैल चोरीला गेला होता. आम्ही भेटीला गेलो तेव्हा अण्णा तुराट्या आणि बांबूच्या कामट्या बांधून गोठ्याच्या तोंडाला दार बसवीत होते. चार माणसे भोवती बसलेली. आमच्या तोंडून सहज निघून गेले, “काय अण्णा, बैल गेला अन् झोपा केला!” चौघेही हसले. अण्णा हसले नाहीत. हातातली सुतळी खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, “माऊली, तुमी म्हनायलाव ते खरं हाय. बैल गेला. पन आत गाय हाय, कालवड हाय. झोपा त्यांच्यासाठी करायलोय.”

त्या रात्री आम्ही कीर्तनाला उभे राहिलो खरे, पण मन जागेवर नव्हते. जी म्हण आम्ही लहानपणापासून शंभर वेळा उच्चारली तिचा अर्थ आम्हाला निम्माच ठाऊक होता, आणि तो निम्मा अर्थ आम्ही एका दुःखी माणसाच्या जखमेवर टाकला होता. तेव्हापासून ठरविले की म्हण तोंडात येईल तेव्हा आधी तिचा अर्थ पाहावा आणि मग समोरचा माणूस पाहावा. त्या दिवसांत जे ऐकले, विचारले आणि मनाशी घोळविले ते येथे मांडतो.

देवणीचा मुलूख

देवणी आज लातूर जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी हा भाग उदगीर तालुक्यात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे; लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये वेगळा झाला. पलीकडे कर्नाटकातला बीदर जिल्हा लागतो, त्यामुळे येथल्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळतात. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, भज्जी आणि आंबील घेऊन सारे घर शेतात जाते. शेजारच्या कर्नाटकात त्याच सणाला एळ्ळ अमावास्या म्हणतात.

हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. दरबारचा कारभार उर्दूत चाले आणि वरचे शिक्षणही उर्दूतच मिळे. मराठीला कचेरीत मान नव्हता. मग ती जिवंत राहिली कोठे? ती जात्यावरच्या ओवीत राहिली, भजनात आणि कीर्तनात राहिली, आणि रोजच्या बोलण्यातल्या म्हणीत राहिली. म्हणून म्हणीला हलके समजू नये. ज्यांच्या हाती पाटी-पुस्तक नव्हते त्यांचे हेच पुस्तक होते.

देवणीचे नाव देशभर गेले ते तिच्या गाई-बैलांमुळे. शेतीला चालणारा आणि दुधालाही बरा असा हा वाण आहे. त्यात वानेरा, शेवरा आणि बालंक्या असे प्रकार सांगतात. वानेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजूला काळे. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके नि पट्टे. बालंक्याही पांढऱ्याच रंगाचा. अशा मुलखातल्या म्हणीत गाय, बैल, दावण, आड आणि पाऊस पदोपदी येणार, ह्यात नवल नाही.

१. बैल गेला अन् झोपा केला

पहिली म्हण आमच्या चुकीचीच घेऊ. शहरातल्या मुलांना विचारले तर ती सांगतात की बैल पळाला आणि धनी झोपला. तसा अर्थ नाही. झोपा म्हणजे गवत, काटक्या, तुराट्या बांधून केलेले गोठ्याचे दार; कोठे झापा असेही म्हणतात. बैल चोरीला गेल्यावर मग गोठ्याला दार बसविले, हा वाच्यार्थ. वेळ निघून गेल्यावर केलेली खटपट, हा लक्ष्यार्थ.

येथपर्यंत आम्हालाही येत होते. पुढचा बोध अण्णांनी दिला. गेलेल्या बैलासाठी झोपा व्यर्थ आहे. राहिलेल्या गाईसाठी तो व्यर्थ नाही. आयुष्याची पन्नास-साठ वर्षे निंदेत, भांडणात, व्यसनात गेली आणि मग एखाद्याने गळ्यात माळ घातली, तर गावात कोणी तरी ही म्हण टाकतोच. “आता कशाला माळ? बैल गेला अन् झोपा केला!” त्याला आपण वारकऱ्यांनी उत्तर द्यावे की, बाबा रे, उरलेले दिवस अजून दावणीला आहेत, त्यांच्यासाठी हा झोपा आहे. म्हण आपल्या स्वतःच्या आळसाला लावावी. उठून कामाला लागलेल्या माणसाला लावू नये.

२. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आड, विहीर आणि बारव ह्यांत फरक आहे. बारवेला पायऱ्या असतात, विहीर रुंद असते, आणि आड म्हणजे अरुंद, खोल, वरून दोराने पाणी शेंदावयाचा. शेंदण्याचे भांडे तो पोहरा. आडच कोरडा असेल तर पोहरा कितीही वेळा सोडा, खडखड आवाज करीत रिकामाच वर येईल.

मराठवाड्याला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आहेत. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. घरोघर नळ होते, तोट्या होत्या, टाक्या होत्या. पण मुळातच पाणी नव्हते.

साधारणपणे ही म्हण पोरांना हिणवण्यासाठी वापरतात. बापात अक्कल नाही तर लेकात कुठून येणार, असे म्हणतात. पण नीट पाहिले तर ह्यात पोहऱ्याची निंदा नाही. पोहरा आपले काम करतो. उणेपण आडाचे आहे. मुलगा हरिपाठाला बसत नाही अशी तक्रार करणाऱ्या बापाने आधी स्वतः किती दिवसांत टाळ हाती धरला ते आठवावे. कीर्तनकारांनीही ही म्हण आपल्या उशाशी ठेवावी. चाल सुरेख आहे, पखवाज घुमतो आहे, दृष्टांत पाठ आहेत, पण आत ओलावा नसेल तर श्रोत्यांच्या घागरीत काय पडणार? आड भरतो तो वरून ओतलेल्या पाण्याने नव्हे, जमिनीत मुरलेल्या पाण्याने. श्रवण मुरावे लागते.

३. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत

ही म्हण समजावी तर जनावरांच्या बाजारात जावे. देवणीचा बाजार आहे, उदगीरकडे हाळी-हंडरगुळीचा आहे, लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची मोठी यात्रा आहे. तेथे गिऱ्हाईक आधी जनावराचा ओठ वर करून खालचे दात पाहते. दोन दाती, चार दाती, सहा दाती अशी वयाची मोजणी असते. आठ दात पुरे झाले की जनावर जुळले म्हणतात. मग उपरण्याखाली बोटे धरून किंमत ठरते. ह्यात गैर काही नाही. पैसे मोजणाऱ्याने दात मोजावेत.

पण कोणी प्रेमाने गाय दान दिली आणि घेणारा तिचा ओठ उचलू लागला, तर दात्याच्या मनाला काय वाटेल? बाजारात जो शहाणपणा तोच अंगणात असभ्यपणा होतो, हे ही म्हण सांगते.

आता आपण वारीकडे पाहू. वाटेवरच्या गावात एखादी माय डोक्यावर टोपले घेऊन दिंडीच्या तळावर येते. टोपल्यात जवारीच्या भाकरी आणि पिठले. तिने पहाटे उठून, कदाचित उसने पीठ आणून त्या थापलेल्या असतात. आणि आपल्यातलाच कोणी म्हणतो, “भाकर जाड झाली,” “तिखट नाही,” “कालच्या गावात गोड होते.” हेच दात मोजणे. ज्याने असे एकदा तरी केले असेल त्याने मनात कान धरावा. आम्हीही धरतो. देवाने दिलेल्या देहाबद्दलही तेच. पाय अधू आहे, दृष्टी मंद आहे, आवाज बसका आहे म्हणून रडत बसू नये. आहे त्या पायांनी चालावे.

४. पडतील स्वाती, तर पिकतील मोती

शेतकरी पाऊस सूर्यनक्षत्रांनी मोजतो. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो, तेथून आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा असे करीत ऑक्टोबरच्या चोवीस तारखेच्या सुमारास स्वाती येते. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो अशी जुनी समजूत आहे. पण आपल्या शेतकऱ्याचा मोती निराळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानात रब्बीची जवारी पेरलेली असते. त्या वेळी स्वातीची एखादी चांगली सर झाली तर काळी जमीन ती ओल धरून ठेवते आणि थंडीत कणीस भरते. शाळूचा टपोरा दाणा हाच तो मोती.

आता कोणी विचारील की म्हण आज खरी आहे काय? देवणी-उदगीर भागात सोयाबीनचा पेरा फार वाढला. कापून ढीग लावलेल्या सोयाबीनवर स्वातीचा पाऊस आला तर मोती पिकत नाहीत, उलट दाणे डागतात आणि शेतकऱ्याच्या डोळ्याला पाणी येते. म्हणून म्हण खोटी ठरली असे समजू नये. म्हण जवारीसाठी होती आणि आपण पीक बदलले. कोणतीही म्हण लावताना ती कोणत्या रानात उगवली ते पाहावे.

बोध असा की, कृपेची सर कधी येईल ते आपल्या हाती नाही. रान नांगरून, पेरून ठेवणे आपल्या हाती आहे. पडीक रानावर स्वाती बरसली तर तणच माजणार. कार्तिकी वारीचे दिवस ह्याच सुमाराला येतात. दिंडीत चालणारा शेतकरी एक डोळा आभाळाकडे ठेवतो आणि एक पंढरीकडे. त्याला कोणी प्रपंची म्हणून हसू नये. तो आपली पेरणी करून मगच निघालेला असतो.

५. आधी पोटोबा, मग विठोबा

आता आपल्या घरची म्हण. हिच्यावरून वारकऱ्याला पुष्कळ टोमणे मिळतात. पंगत बसली की कोणी तरी डोळा मिचकावून म्हणतो, “चाललंय ना, आधी पोटोबा!”

शब्द कसा झाला ते पाहा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा ह्या देवांच्या ओळीत लोकांनी थट्टेने पोटालाही ‘बा’ लावून बसविले. पोट हा असा देव आहे की त्याला सकाळी नैवेद्य दाखवला तरी संध्याकाळी तो पुन्हा हजर. ही थट्टा खादाडासाठी ठीक आहे. एकादशीला निर्जळ राहणारा आणि बारस सोडल्यावर मिळेल ती भाकर खाणारा वारकरी ह्या थट्टेत बसत नाही.

पण म्हणीला दुसरी बाजू आहे आणि आमच्या मते तीच मोठी. पोट कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. आपले पोट आधी असे म्हटले तर म्हण खुजी होते. भुकेल्याचे पोट आधी असे म्हटले तर तीच म्हण धर्म सांगू लागते.

दामाजीपंतांची कथा तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. मंगळवेढ्याला ते बीदरच्या बहामनी बादशहाचे अधिकारी होते. घोर दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करू लागली, तेव्हा पंतांनी बादशाही धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. त्यापायी प्राणावर बेतले. मग पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन बीदरला जाऊन धान्याचे मोल भरले, असे कथा सांगते. देवणीहून बीदर काही फार लांब नाही. म्हणून ही कथा ह्या मुलखात सांगताना अंगावर काटा येतो. विचार करा, पंतांनी तेव्हा भुकेल्यांना काय सांगितले? आधी भजन करा, मग दाणे देतो, असे नाही सांगितले. त्यांनी पोटोबा आधी केला आणि विठोबाने त्याचा राग धरला नाही. उलट तो स्वतः झोळी घेऊन त्यांचे देणे फेडावयास गेला. ही म्हण ह्याहून चांगली कोणी समजावून सांगितली आहे असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून सप्ताहाच्या पंगतीत कोणी अनोळखी, फाटक्या कपड्यातला येऊन बसला तर “कीर्तनाला कुठे होतास?” असे विचारू नये. आधी ताट द्यावे. पोट भरल्यावर तो कीर्तनाला बसेल. न बसला तरी आपले काही बुडाले नाही.

६. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता

ही म्हण कीर्तन-प्रवचन करणाऱ्यांच्या तोंडी फार असते. श्रोते पेंगू लागले, उठून जाऊ लागले की सांगणारा कपाळाला आठी घालून ही म्हण म्हणतो आणि मोकळा होतो. दोष सारा श्रोत्यांचा!

वारकऱ्याने येथे जरा थांबावे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानोबारायांनी गीतेवर मराठीत टीका सांगितली ती कोणासाठी? ज्यांना गीता ऐकण्याचा अधिकार नाही असे त्या काळी म्हटले जाई त्यांच्यासाठीच. माउलींनी ऐकणाऱ्याची पात्रता मोजली नाही, गीताच त्याच्या भाषेत आणली. मग त्यांचे नाव घेणाऱ्या आपण समोरच्याला गाढव कसे म्हणावे? दिवसभर रानात राबून आलेला माणूस रात्री दहाला पेंगला तर त्याला झोप आली आहे, इतकाच त्याचा अर्थ. आणि ‘कालचा गोंधळ बरा होता’ असे त्याला वाटत असेल तर काल गोंधळ्याने त्याला समजेल असे काय सांगितले ते आपण जाऊन विचारावे.

टाकून द्यावयाच्या म्हणी

सगळ्याच म्हणी जपाव्यात असे आमचे म्हणणे नाही. जात्यातून पीठ येते तसा खडाही येतो. काही म्हणी कोणा एका जातीला हिणवतात, काही सुनेला, काही विधवेला, काही अपंगाला. त्या येथे छापून त्यांचे आयुष्य वाढविण्याचे कारण नाही. त्या सर्वांना ठाऊकच आहेत.

त्या ओळखाव्या कशा? सोपी खूण आहे. आपल्या संतांची नावे आठवावीत. तेरचे गोरोबाकाका कुंभार, सेनामहाराज न्हावी, सावतामहाराज माळी, नरहरीमहाराज सोनार, चोखोबा महार, आणि नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या, गंगाखेडच्या जनाबाई. तोंडात आलेली म्हण ह्यांच्यापैकी कोणासमोर उभे राहून म्हणता येईल काय, असे स्वतःला विचारावे. जीभ अडखळली तर ती म्हण टाकावी. वानेरा, शेवरा, बालंक्या, रंग वेगळे. पण चरवीत पडते ते दूध सारखेच पांढरे. हे देवणीचा गुराखी जाणतो, मग माळकऱ्याने जाणू नये काय?

अभ्यास कसा करावा

म्हण ऐकली की चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, तिच्यातला जुना शब्द कोणता आणि ती वस्तू कोणती. झोपा, पोहरा, आड ह्यांसारखा. दुसरी, ती कोणत्या कामातून आली. शेतीतून, बाजारातून की चुलीपासून. तिसरी, ती माणसाला उभे करते की खाली पाडते. चौथी, आपण ती कोणाला आणि कोणत्या वेळी म्हणत आहो.

आज गोठे कमी झाले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, आडावर झाकणे पडली. वस्तू गेली की शब्द जातो, आणि शब्द गेला की म्हण मुकी होते. म्हणून तुमच्या घरात ऐंशी वर्षांची आजी असेल तर दररोज हरिपाठानंतर तिच्याकडून एक म्हण विचारून वहीत उतरवावी. नुसती म्हण नको. ती कोणत्या प्रसंगी म्हणत असत तेही लिहावे. घरातल्या मुलाकडून हे करवून घेतल्यास आडही भरेल आणि पोहराही.

आता अण्णांचे राहिले. सप्ताहाच्या काल्यादिवशी आम्ही पुन्हा त्यांच्या दारी गेलो. झोपा बसविलेला होता, आत गाय रवंथ करीत होती आणि कालवड तिच्या पोटाला बिलगून उभी होती. आम्ही अण्णांच्या पाया पडलो आणि चुकलो म्हणालो. त्यांनी आम्हाला उठवून, आपल्या रीतीप्रमाणे, उलट आमच्या पाया पडून म्हटले, “म्हन वाईट नव्हती माऊली, येळ वाईट व्हती. बसा, भाकर खाऊन जावा.”

आम्ही बसलो. भाकर खाल्ली. दात मोजले नाहीत.

राम कृष्ण हरि.